दलित स्त्रीची ओवी आणि लोकगीतांच्या जतनाचा प्रश्न

लोकगीते नष्ट होत आहेत, ती जतन केली पाहिजेत, असे आपल्याकडे गेली ऐंशी-नव्वद वर्षे सांगितले जात आहे. सांगणाऱ्यांची तळमळ खोटी नाही. परंतु ‘लोक’ हा शब्द उच्चारताना त्यांच्या डोळ्यांसमोर नेमके कोण असते, हा प्रश्न मराठीतल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाला फार थोड्यांनी विचारला. गावात ‘लोक’ नावाचा एकजिनसी समूह कधीच नव्हता. पाटील होता, कुणबी होता, बलुतेदार होते आणि वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा होता. पाणवठे वेगळे होते, मसणवटे वेगळे होते. मग ओवीच तेवढी सर्वांची एक कशी असेल?

साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या अभ्यासाला बैठक दिली. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा गावोगावची गाणी छापून काढली. ही कामे झाली नसती तर आज हाताशी फारच थोडे उरले असते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण या प्रकारच्या संग्रहांची मांडणी पाहावी. आई, बाप, भाऊ, सासर, माहेर, तान्हे बाळ, पंढरी अशी नात्यांची आणि भावांची प्रकरणे असतात. प्रत्येक प्रकरणात ओव्या ओळीने मांडलेल्या असतात. ती ओवी कोणत्या वाड्यात, कोणत्या वाडीवर, कोणत्या जातीच्या बाईने म्हटली, हे बहुधा त्या पानावर नसते. सगळ्या ओव्या एका ‘मराठी स्त्री’च्या होतात. या मराठी स्त्रीला सासू असते, नणंद असते, जात मात्र नसते.

साने गुरुजींवर जातीय दृष्टीचा आरोप कुणी करू शकणार नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणाला लावले होते. म्हणूनच हे उदाहरण मुद्दाम घेतले. दोष माणसाच्या मनाचा नाही, पद्धतीचा आहे. सगळ्या स्त्रियांचे दुःख एक आहे या उदार भावनेतूनच ही पद्धत आली. परंतु पाटलाच्या सुनेचा सासुरवास आणि महारवाड्यातल्या सुनेचा सासुरवास यांत जे साम्य आहे त्याहून जो फरक आहे तो अधिक बोलका आहे. एकीला घराचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. दुसरीला घरात बसण्याची सोयच नव्हती. एकीच्या ओवीतला वाडा तिचा तुरुंग होता. दुसरीच्या ओवीत वाडा आला तर तो कुणाचा, आणि ती त्याच्या कोणत्या दाराशी उभी आहे, हे कळल्याशिवाय ओवीचा अर्थ लागत नाही. दोघींच्या ओव्यांत शब्द तेच असतील, पण ती दोन वेगळी गाणी आहेत.

जात्याचेच घ्या. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा धरतात, एक जण मुठीने वैरण घालते आणि ओवी सुरू होते, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. कवितांनी आणि चित्रपटांनी ते इतके गोंडस करून ठेवले आहे की जाते म्हणजे जणू सुखी खेड्याची खूणच. पण दलित स्त्री कोणाचे दाणे दळत होती? ज्या घरी तिच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या घरचे पीठ तिच्या हातून दळले जाणे शक्य नव्हते. वेठ बहुतेक सगळीकडे होती. शेतात होती, रानात होती, मेलेल्या ढोरापाशी होती, पण जात्यावर नव्हती. जाते तिच्या स्वतःच्या झोपडीत होते. म्हणजे अख्ख्या दिवसात जी एक-दोन घटका कुणाच्या हुकुमाची नव्हती, ती जात्याची. अंग मोडून काढणारे काम, तरीही त्या वेळी ती कुणासाठी राबत नव्हती. त्या अंधारात तिने तोंड उघडले आणि जे बोलली ती ओवी.

याची दुसरी बाजूही आहे. जाते फिरायला दाणे लागतात. बलुत्याचे दाणे सुगीला मिळायचे, तेही मालकाच्या मर्जीने. एरवी गावात फिरून भाकरी गोळा करायची. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. ज्या दिवशी शिळ्या तुकड्यांवर निभावले त्या दिवशी जाते फिरले नाही आणि ओवीही झाली नाही. लोकसाहित्याच्या कोणत्याही संग्रहात ही न झालेली ओवी नोंदवलेली नाही. नोंदवणारही कशी? परंतु दलित स्त्रीच्या ओव्या संग्रहांत कमी का सापडतात, याचे एक कारण तिथेही आहे. संग्राहक वाडीवर गेला नाही हे पहिले कारण. तो गेला असता तरी जाते रोज फिरत नव्हते, हे दुसरे.

या पार्श्वभूमीवर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या ओव्यांच्या संग्रहाकडे पाहिले पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत गरीब स्त्रीपुरुषांची संघटना बांधण्याच्या कामातून हा संग्रह सुरू झाला. म्हणजे आधी चळवळ आणि मग ओवी, असा त्याचा क्रम आहे. पुढे तो महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पोहोचला आणि त्यात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणे झाली, संगणकावर सूची तयार झाली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने या ओव्या ध्वनिमुद्रण, मजकूर आणि भाषांतर यांच्यासह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पॉइटवाँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली वारल्या. काम त्यांच्या मागे चालू राहिले.

या संग्रहाचे मोठेपण त्याच्या आकड्यात नाही. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आहे, गाव आहे, जात आहे. आधीच्या संग्रहांत जी मराठी स्त्री निराकार होती तिला इथे नाव-गाव मिळाले. आता आपण विचारू शकतो की एकाच गावातल्या मराठा बाईने आणि बौद्ध बाईने भावावर ओवी म्हटली तर ती कुठे जुळते, कुठे फाटते. आजवर असे विचारायला साधनच नव्हते. आपल्या विद्यापीठांतून लोकसाहित्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी या साधनाकडे अजून पुरेसे वळलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. जुन्या पुस्तकांतल्या ओव्या उतरून काढून ‘ओवीतील वात्सल्य’ असा आणखी एक प्रबंध लिहिणे अर्थातच सोपे आहे.

याच संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली गायिलेल्या ओव्या आहेत. त्या बाबासाहेबांवर, रमाबाईंवर, बुद्धावर आहेत. समीक्षेच्या दृष्टीने या ओव्या मला अत्यंत महत्त्वाच्या वाटतात, आणि त्यांची जी चर्चा व्हायला हवी होती ती झालेली नाही. आपण त्यांच्याकडे भाबड्या भक्तीची गाणी म्हणून पाहिले. ‘बाबांवरच्या ओव्या’ म्हणून जयंतीच्या अंकात चार छापायच्या आणि पुढे जायचे, एवढाच आपला व्यवहार.

जात्यावरच्या ओवीत भाऊ हा सर्वांत मोठा माणूस आहे. नवरा नाही, बापही नाही. माहेराशी जोडणारा, न्यायला येणारा, सासरच्यांसमोर बहिणीची बाजू घेऊन उभा राहू शकणारा तो एकटाच पुरुष. त्याची वाट पाहणे हा शेकडो ओव्यांचा गाभा आहे. पण दलित स्त्रीचा भाऊ सासरी येऊन काय करणार होता? तोही वेशीबाहेरचाच. पाटलासमोर तोही वाकूनच उभा राहणार. तिच्या ओवीतला भाऊ ही एक इच्छा होती, आधार नव्हता. आणि मग तिच्या ओवीत भीमराव येतो. तो रक्ताचा नाही. पण जे रक्ताच्या भावाला जमले नाही ते त्याला जमते. तो मान खाली न घालता बोलतो, त्याच्यासमोर इतरांना नमते घ्यावे लागते. ओवीतली भावाची जागा शेकडो वर्षे रिकामी होती, ती भरली. बाईने नवे गाणे रचले नाही. जुन्या गाण्यातली खोटी जागा खरी केली.

याला भाबडेपणा म्हणणे म्हणजे वाचता न येणे होय. निरक्षर बायकांनी एक संपूर्ण राजकीय विचार आपल्या नात्यांच्या भाषेत उतरवून घेतला. नागरिकत्व, समता, स्वाभिमान हे शब्द त्यांच्याजवळ नव्हते. त्यांच्याजवळ भाऊ होता, माहेर होते, चोळी-बांगडी होती. त्यांतच त्यांनी तो अर्थ भरला. रमाबाईंवरच्या ओव्यांत हे आणखी स्पष्ट दिसते. रमाईचे कष्ट, तिची गरिबी, तिचे मरण या बायांनी असे गायिले आहे की त्या आपलीच गोष्ट सांगत आहेत आणि इतिहासही सांगत आहेत. चरित्रकाराला या दोन गोष्टी एकाच वाक्यात आणता येत नाहीत.

इथे आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारावा लागतो. आपण आपली गाणी जतन केली नाहीत असे नाही. आंबेडकरी जलशांचा इतिहास भीमराव कर्डकांनी स्वतः लिहिला आणि तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. वामनदादा कर्डकांची गाणी (ते १९२२ साली सिन्नर तालुक्यात जन्मले, २००४ साली वारले) वहीत, पुस्तकांत, कॅसेटांवर आणि हजारो कंठांत आहेत. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज घराघरांत गेले. १९९७ च्या जुलैमध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मुळे तेही विस्मरणात गेले नाही. पण ही सगळी पुरुषांची नावे आहेत. शाहिराच्या गाण्याच्या शेवटी त्याचे नाव गुंफलेले असते, वामन म्हटले की वामनदादा उभे राहतात. ओवीच्या शेवटी नाव नसते. स्टेज, डफ, माईक ज्याच्याजवळ होते त्याचे गाणे चळवळीचे गाणे ठरले. जात्यापाशी बसून बाईने म्हटलेले ‘बायकांचे गाणे’ ठरले. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांना १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ असे शीर्षक द्यावे लागले. त्यातला ‘ही’ कुणाला उद्देशून होता?

आता अवघड प्रश्नाकडे येतो. तो मरीआईच्या, लक्ष्मीआईच्या, खंडोबाच्या गाण्यांचा आहे. पोतराजाच्या गाण्यांचा आहे, मुरळीच्या गाण्यांचा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. त्यानंतर गावोगाव घरातले देव पाण्यात सोडले गेले, देव्हारे रिकामे झाले. देवांबरोबर त्यांची गाणीही गेली. यात कुणाचे काही चुकले असे मला वाटत नाही. ज्या देवीसाठी रेडा मारायचा, ज्या देवीच्या नावाने मुलगी सोडायची, अंगावर आसूड ओढून घ्यायचे, त्या देवीचे गाणे विसरणे ही मुक्तीच होती. मुरळीच्या चालीविरुद्धचे आंदोलन तर त्याच्याही फार आधीचे. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्रा’तून ते झाले. समाजाने स्वतःच्या हाताने स्वतःची रूढी मोडली. बाहेरून कुणी येऊन मोडून दिली नाही.

आज या गाण्यांचे दोन प्रकारचे हितचिंतक दिसतात. एक म्हणतात, ही सगळी गुलामीची गाणी आहेत, ती मेली ते बरे झाले, त्यांना हात लावू नका. दुसरे म्हणतात, केवढी समृद्ध परंपरा, केवढी लय, ती मंचावर आणली पाहिजे. मग लोककला महोत्सवात पोतराज येतो. त्याचे केस, त्याचा घागरा, त्याचा आसूड दिव्यांच्या झोतात येतो, टाळ्या पडतात. आसूड आता कापडाचा असतो, एवढाच फरक. आसूड मारून घेणाऱ्याचे पोट त्यावर चालत होते, तो मांग किंवा महारच असायचा, त्याच्या पोराला शाळेऐवजी हाच धंदा मिळायचा, हे निवेदनात येत नाही. ‘आपला सांस्कृतिक वारसा’ असे शब्द येतात. ज्यांच्या पाठीवर वळ उठले त्यांच्या वाट्याला मात्र या वारशातले मानधनसुद्धा धड येत नाही.

दुसऱ्या हितचिंतकांना सांगायला हवे की वारशाच्या नावाखाली सगळेच जतन करायचे नसते, असे जगानेही मान्य केले आहे. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्कोचा करार २००३ सालचा, भारताने तो २००५ साली स्वीकारला. मानवी हक्कांशी सुसंगत असेल तेवढाच वारसा विचारात घ्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. देवदासी वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात पुन्हा २००५ साली कायदा करावा लागला. ज्या प्रथेवर कायद्याने बंदी आहे तिच्या गाण्याला मंचावर नुसते सुंदर म्हणणे, हा निर्बुद्धपणा तरी आहे किंवा लबाडी तरी.

परंतु पहिल्या हितचिंतकांशीही माझे जमत नाही, आणि हे आपल्यातलेच असल्यामुळे त्यांच्याशी जास्त बोलले पाहिजे. गाणे जपणे आणि गाणे गात राहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वतनाचे कागद आपण जपतो. १९५८ च्या कायद्याने महारवतन संपले तरी त्याची कागदपत्रे दप्तरात आहेत आणि असली पाहिजेत. ती जपली म्हणून कुणी पुन्हा येसकर होत नाही. मरीआईचे गाणे हाही तसाच कागद आहे. पटकी आली की गावाने आपली भीती कुणाच्या अंगावर ढकलली, देवीचा गाडा वेशीबाहेर कुणी न्यायचा, रोग कुणी वाहून न्यायचा, याची साक्ष त्या गाण्यांत आहे. गावाच्या बखरीत ती मिळणार नाही.

बेबीताईंनी हेच केले आहे. ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढातली जत्रा, अंगात येणाऱ्या बायका, रेड्याचा बळी, पोतराज हे सगळे बारकाव्याने आले आहे. त्यांनी काही लपवले नाही. लाज वाटते म्हणून गाळले नाही आणि परंपरा म्हणून कवटाळलेही नाही. अंगात येणे ही त्या बायकांना मिळणारी एकुलती एक प्रतिष्ठा होती, हे त्या जाणतात. तरीही ते अज्ञान होते, असे त्या ठणकावून सांगतात. ज्यांना या गाण्यांच्या संग्रहाचे काम करायचे आहे त्यांनी आधी हे पुस्तक वाचावे. परंपरेकडे प्रेमाने आणि रागाने एकाच वेळी कसे पाहावे, याचा इतका चांगला वस्तुपाठ मराठीत दुसरा मला माहीत नाही.

आणखी एक कारण आहे, ते निव्वळ गाण्याच्या अभ्यासाचे. ज्या बाईने भीमरावावर ओवी म्हटली तिनेच किंवा तिच्या आईने आधी देवावर ओवी म्हटली होती. चाल बहुतेक तीच. लयही तीच, कारण जात्याची फेरी तीच. देवाच्या जागी माणूस बसवला, आणि तो बसवताना तिने जुन्या ओवीतले काय ठेवले, काय टाकले, कुठे शब्द अडला, हे पाहिल्याशिवाय तिने केवढी उलथापालथ केली ते कळत नाही. जुनी ओवी पुसून टाकली तर नवी ओवी नुसती स्तुती वाटू लागते. तिच्यातला नकार दिसेनासा होतो. धर्मांतर फक्त नागपूरच्या मैदानावर झाले नाही. ते जात्यापाशी, एकेका ओळीत, एकेका शब्दाच्या बदलीत झाले. त्याचा पुरावा हवा असेल तर दोन्ही ओव्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील.

संग्रहाच्या पद्धतीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मनावर घेतले तर हे काम तालुक्या-तालुक्यात होऊ शकते. छापलेली ओवी दोन ओळींची असते, नीटनेटकी. तीच ओवी ध्वनिमुद्रणात ऐकावी. बाई ओळ मध्येच तोडते, अर्धी ओळ पुन्हा घेते, मधे ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे शब्द घालते, समोरची ओढून धरते. छापताना हे ‘निरर्थक’ म्हणून वगळले जाते. ते निरर्थक नाही. ते ओवी कुणाला सांगितली जात होती त्याचा पुरावा आहे. छापलेली ओवी वाचकाला उद्देशून आहे, म्हटलेली ओवी समोर बसलेल्या जावेला किंवा आईला उद्देशून आहे. विषयवार वर्गवारीतही असेच होते. एका ओवीने दुसरी आठवते, भावावरून माहेर, माहेरावरून दुष्काळ, दुष्काळावरून बाबासाहेब. वर्गवारी या साखळीच्या कड्या तोडून वेगवेगळ्या पेट्यांत टाकते. सूचीला वर्गवारी लागते हे खरे, पण मूळ क्रम नोंदला नाही तर बाईच्या विचाराची वाट हरवते.

म्हणून गाणे लिहून घेताना त्याच्याभोवतीचे सगळे लिहून घ्यावे. गाणारीचे नाव तिला जसे हवे तसे. कित्येकींना सासरचे नाव वेगळे, माहेरचे वेगळे. ती कोणाकडून शिकली, कधीपासून म्हणेनाशी झाली, गिरणी गावात कोणत्या साली आली. कुणासमोर ती म्हणत नाही. एखादी बाई मरीआईचे गाणे येत असूनही म्हणायला नकार देईल. तिला आग्रह करू नये. ‘येते, पण म्हणणार नाही’ एवढे तिचे उत्तर तिच्या कारणासह नोंदवावे. संग्रहात ही नोंद गाण्याइतकीच मोलाची आहे. काही बाया उलट सांगतील की गाणे म्हणते पण नाव घालू नका, मुले रागावतात. तेही पाळावे.

हक्काचा मुद्दा आपण कायम दुर्लक्षिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते तयार करणाऱ्याकडे जातो. गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कायद्याने मान्य केला तो १९९४ च्या दुरुस्तीने. आणि परंपरेने आलेल्या ओवीला तर कायद्याच्या दृष्टीने कर्ताच नाही. म्हणजे बाईने गायिले, यंत्र दुसऱ्याचे, कंपनी तिसऱ्याची आणि वेष्टनावर ‘पारंपरिक’ हा एक शब्द. परंपरा म्हणजे कोण? पाटलाच्या वाड्याला मालक असतो, महारवाड्यातल्या गाण्याला मात्र परंपरा नावाची बिनवारस आई असते, आणि बिनवारस मालावर कुणीही हात मारावा. कार्यकर्त्यांनी निदान एवढे करावे की गाणारीशी साध्या मराठीत लेखी बोलणे व्हावे: हे कुठे वाजेल, कोण ऐकेल, पैसे आले तर कुणाला. तिला वाचता येत नसेल तर तिच्या नातीने ते वाचून दाखवावे. नातीला त्यानिमित्ताने आजी काय म्हणत होती तेही कळेल.

मोठा संग्रह इंटरनेटवर आहे, कुणालाही ऐकता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या वस्तीत तो झाला तिथे त्याची प्रत असली पाहिजे, विहारात, समाजमंदिरात, वस्तीच्या वाचनालयात. वर्षावासात ग्रंथवाचन होते तसे एखाद्या संध्याकाळी ते ऐकले जावे, आणि ऐकताना म्हाताऱ्या बायांनी मधेच थांबवून सांगावे की ही ओळ आमच्याकडे अशी नव्हती. ही दुरुस्तीही टिपून ठेवायची. लोकगीताची शुद्ध प्रत असते ही पंडितांची समजूत आहे. ओवी ज्या वाडीत गेली तिथली झाली.

कार्यकर्ते विचारतात की दळण गेले, बरे झाले, मग त्याची गाणी कशाला? प्रश्न रास्त आहे. गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांना जो आराम मिळाला त्यावर शंभर ओव्या ओवाळून टाकाव्यात. जाते परत यावे असे कुणी म्हणत असेल तर त्याने आधी रोज पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण दळण गेले म्हणून दळणारी काय विचार करत होती हेही जावे, असे होत नाही. तिने लिहिले नाही, कारण तिला लिहू दिले नाही. तिचा जो विचार शब्दांत उरला तो इथेच उरला.

वेळ मात्र फार नाही. १९५६ साली जी पंधरा वर्षांची होती ती आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. बाबासाहेबांच्या निर्वाणाची बातमी गावात कशी आली आणि त्यानंतर जात्यावर काय म्हटले गेले, हे स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या बाया आता प्रत्येक वस्तीत बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या असतील. हातात मोबाईल असलेला प्रत्येक विद्यार्थी आज जे ध्वनिमुद्रण करू शकतो, त्यासाठी पूर्वी पुण्याहून जड यंत्र न्यावे लागे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात की आजीपाशी बसा. गाणे संपले की लगेच बटण दाबू नका. शेजारीण काहीतरी म्हणेल, दोघी हसतील किंवा गप्प होतील, मग एक जण सांगू लागेल की हे तिने कोणत्या साली, कशामुळे म्हटले होते.